स्वतःच्या खर्चाने माती खणायला लोक इस्रायलला का जातात? आणि वाद कशावरून आहे?

विमानाचं तिकीट स्वतःचं, राहण्या-जेवणाचे पैसेही स्वतःचेच. काम काय? ऊन चढायच्या आत माती खणायची, बादल्या वाहायच्या, खापरं धुवायची. मजुरी शून्य!

बायबलच्या काळातल्या जागांवर दर उन्हाळ्यात असे स्वयंसेवक जगभरातून येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटलं आणि २०२४ चा हंगाम अनेक परदेशी पथकांनी रद्द केला. हे लोक आले नाहीत की फक्त हात कमी पडत नाहीत, त्यांनी भरलेल्या पैशांवर चालणारं कामही अडतं.

हे सुरू कसं झालं?

१९६३ ते ६५ दरम्यान यिगाएल यादिन यांनी मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यावर उत्खनन केलं. वर्तमानपत्रांतल्या आवाहनावरून हजारो लोक आले. १९७५ मध्ये हर्शल शँक्स या अमेरिकन वकिलाने 'बिब्लिकल आर्किऑलॉजी रिव्ह्यू' हे नियतकालिक काढलं. सोपी भाषा आणि सोबत कुठल्या उत्खननात सामील होता येईल याची यादी. वाचक थेट खणायलाच पोहोचू लागला.

हौशी हातांना काय सापडलं?

१९७९ मध्ये जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोम इथे गॅब्रिएल बार्काय यांच्यासोबत शाळकरी मुलं काम करत होती. बार्काय यांनी सांगितलेला किस्सा असा: एका कंटाळलेल्या मुलाने हातोडी आपटली. जी फरशी वाटत होती, ते कोसळलेलं छत निघालं! खालच्या वस्तूंमध्ये चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या होत्या. साधारण २६०० वर्षं जुन्या. बायबलमधल्या ओळी असलेला हा सर्वांत जुना उपलब्ध लेख मानला जातो.

मग वाद कुठे आहे?

१९९९ मध्ये जेरुसलेमच्या टेम्पल माउंटवर, म्हणजे मुस्लिमांच्या हरम अल-शरीफवर, वक्फने बांधकामासाठी माती उपसून बाहेर टाकली. २००४ पासून स्वयंसेवक ती चाळतायत. नाणी, मणी मिळाले, पण ते कुठल्या थरात होते, हे आता कधीच कळणार नाही. शिवाय या प्रकल्पाला अनेक वर्षं 'एलाद' संस्थेचा पैसा होता. हीच संस्था पूर्व जेरुसलेमच्या पॅलेस्टिनी वस्तीत ज्यू कुटुंबं वसवते. म्हणजे माती चाळणारा केवळ इतिहासासाठी आलेला असला, तरी त्याची मेहनत जमिनीवरच्या दाव्यासाठी वापरली जाऊ शकते.

त्यामुळे 'बायबल खरं ठरलं!' असं रील पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. वस्तू कुठल्या थरात सापडली? खणलं कोणी? आणि पैसा कोणाचा होता?