पॅड घ्या, पण दुधाची सुट्टी सोडू नका

चंदीगडच्या पी.जी.आय. या नामांकित सरकारी रुग्णालयातील एका परिचारिकेला जून २०१९ मध्ये मूल झाले. तिने प्रसूती रजेचा अर्ज केला. तो नामंजूर झाला. तिच्या पतीला पहिल्या विवाहापासून दोन मुले आहेत, त्यांच्यासाठी तिने बालसंगोपन रजा घेतलेली आहे, तेव्हा हे मूल तिसरे ठरते, असे कारण देण्यात आले. वास्तविक तिच्या पोटचे ते पहिलेच मूल! केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिचे म्हणणे फेटाळले, पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानेही फेटाळले. अखेर १६ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. ए. एस. बोपण्णा यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तोवर ते मूल तीन वर्षांचे झाले होते.

या निकालाचे स्वागत करताना एक गोष्ट विसरता कामा नये. रजा मिळाली म्हणजे कामकरी मातेचा प्रश्न सुटला, असे नाही. कायद्याने पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची, म्हणजे सहा महिन्यांची रजा मिळते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे. म्हणजे रजा संपते, पण दूध संपत नाही. बाई कामावर हजर होते आणि बाळ घरी राहते.

पुढे काय होते, हे आमच्या भगिनींना सांगायला नको. आठ तासांच्या ड्यूटीत स्तन भरून येतात, ठणकू लागतात. पान्हा हा इच्छेवर चालत नाही. बालरुग्ण विभागातील परिचारिकेला दुसऱ्याच्या बाळाचे रडणे ऐकून पान्हा फुटतो आणि गणवेशावर ओले डाग उमटतात. कारखान्यात, शाळेत, बँकेच्या खिडकीवर हेच घडते. बाई पदर सावरते, फाईल छातीशी धरते आणि मान खाली घालून काम करीत राहते.

यावर बाजाराने दिलेला उपाय म्हणजे अंतर्वस्त्रात ठेवायचे दूध शोषणारे पॅड. ते वापरण्यात कमीपणा काही नाही, मात्र निवड डोळसपणे करावी. एकदा वापरून टाकून देण्याचे पॅड प्रवासात व लांबच्या ड्यूटीत सोयीचे पडतात, पण त्यांचा खर्च रोजचा आहे. ज्यांच्या मागे प्लॅस्टिकचा थर असतो, त्यांत हवा खेळत नाही, ओल व ऊब कोंडून राहते आणि उन्हाळ्यात त्वचा सोलवटते. धुऊन पुन्हा वापरता येणारे सुती पॅड बहुतेकींना पुरेसे होतात. तेही परवडत नसतील, तर धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाच्या चार-सहा घड्या गोल कापून कडेने शिवाव्यात. सिलिकॉनचे पॅड दाब देऊन दूध रोखून धरतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ते टाळावेत आणि पुढेही दिवसभर ठेवू नयेत.

कोणतेही पॅड असो, ओले झाले की बदलावे. सुवासिक पॅड घेऊ नयेत. कापडी पॅड साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावेत. आतले कपडे घट्ट नसावेत. स्तनात दुखरी गाठ, लाली आणि ताप असे दिसले, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. त्या काळात सहसा पाजणे बंद करावे लागत नाही.

हे सारे खरे असले, तरी पॅड फक्त डाग झाकते. स्तनात साकळलेले दूध त्याने मोकळे होत नाही. वेळेवर पाजले किंवा पिळून काढले नाही, तर गाठी धरतात आणि हळूहळू दूधच आटते. मग घरी बाटली येते, डब्याचे दूध येते आणि तुटपुंज्या पगाराला नवे भोक पडते. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पॅड ही बाईची सोय आहे, मालकाची सुटका नव्हे!

कायदा काय सांगतो? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी दिली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा, ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे दोन्ही हक्क आहेत. परंतु दोन सुट्ट्या किती मिनिटांच्या, हे नियमांवर सोडले गेले. खाण कामगारांसाठीच्या १९६३ च्या नियमांत त्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या होत्या. उलट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्येच अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या सांगितल्या होत्या. त्या ठरावाला भारताने आजवर मान्यता दिलेली नाही.

महाराष्ट्राने तरी या बाबतीत मागे राहू नये. देशातील पहिला प्रसूती लाभ कायदा १९२९ चा, मुंबई इलाख्याचा. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली होती. गिरणीतल्या बाईसाठी शंभर वर्षांपूर्वी जे मान्य झाले, ते आज कंत्राटी सफाई कामगाराला का मिळू नये? दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदारी स्त्रियांनाही प्रसूती लाभ द्यावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच बजावले आहे. 'ती कायम नाही' ही सबब तेव्हाच निकालात निघाली.

यासाठी प्रत्येक युनियनने पुढील मागणीपत्रात चार गोष्टी घालाव्यात. दुधाच्या दोन सुट्ट्या, प्रत्येकी किमान अर्धा तास आणि पगार न कापता. कडी लागणारी, पाणी व खुर्ची असलेली एक स्वच्छ खोली. स्वच्छतागृह ही दूध काढण्याची जागा नव्हे. काढलेले दूध ठेवण्यासाठी शीतकपाट, कारण साधारण पंचवीस अंश तापमानात ते चार तासच टिकते आणि चंदीगडचा जून काय, विदर्भाचा मे काय, पारा चाळिशीपार जातो. आणि चौथे म्हणजे कायम व कंत्राटी असा भेद न करता चालणारे पाळणाघर.

बंधूंनाही एक सांगणे आहे. हा विषय 'बायकांचा' म्हणून बैठकीत शेवटी ढकलू नका. बाई पाजायला गेली, तर अर्धा तास तिचे काम सांभाळणे हीही कामगारांची एकजूटच आहे. चंदीगडच्या त्या भगिनीला आपल्या हक्कासाठी तीन वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. बाळाला मात्र तीन तासांनीच भूक लागते.