निघायचं कधी, हे कोण ठरवणार?



अरबी समुद्रातली वादळं बहुधा मे-जूनमध्ये, नाहीतर पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. मुंबईतल्या आमच्या वस्तीत तयारी बायाच करतात. छपराला ताडपत्री, पिंपभर पाणी, बॅटरी, औषधं, कोरडा खाऊ. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेलं, तेव्हाही त्यांनीच केली.

पण घर सोडून निघायचं कधी, हे कोण ठरवतं? मी बैठकीत विचारलं, तर सगळ्या गप्प.

बांगलादेशात २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. त्यांत पुरुषांपेक्षा बाया कितीतरी जास्त होत्या. कडेवर मुलं, पायात घोळणारी साडी, नवऱ्याच्या परवानगीची वाट, परक्या पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्याला जायचा संकोच. पाण्याइतकंच यानंही त्यांना बुडवलं.

म्हणून यंदा तयारीत थोडी भर घालूया. रेशनकार्ड, आधारकार्ड, पासबुक, घराची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, आपल्या हाताशी. थोडे पैसे आपल्याजवळ. पाळीचे कपडे, गरोदर बाईची दवाखान्याची फाईल. शेजारच्या एकट्या आजींना कोण नेणार, तेही ठरवून ठेवूया.

आणि घरात आजच सांगून ठेवूया: निघायचा इशारा आला की मुलांना घेऊन मी निघणार, कुणाची वाट बघणार नाही. यावरून भांडण झालं तर होऊ दे. भांडायला आपण जिवंत तर हव्यात!