लाटसाहेबांचा बंगला आणि पदवीधरांचे मत

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आपल्यापैकी बहुतेकांनी पदवीच्या फोटोमागे पाहिलेली असते. दगडी कमानी, मधला उंच मनोरा, पुढे हिरवळ. पण ती शिकण्यासाठी बांधलेलीच नव्हती. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराला पावसाळ्यात राहायला बंगला हवा होता, म्हणून 1864 साली गणेशखिंडीत काम सुरू झाले. गव्हर्नर होते सर बार्टल फ्रिअर, आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा.

तेव्हा मुंबई कापसाच्या पैशात लोळत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि इकडचा सोन्याच्या भावाने जाऊ लागला. 1865 साली युद्ध संपले, भाव कोसळले, भलेभले सटोडिये बुडाले. बंगल्याचे काम मात्र चालूच राहिले. खर्च वाढत गेला, टीकाही झाली. 1871 साली बंगला पूर्ण झाला, आणि पाच वर्षांतच दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला.

22 जून 1897 च्या रात्री याच बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. त्याआधीचे काही महिने शहरात प्लेगच्या नावाखाली सोजीर लोकांच्या घरात शिरत होते. समारंभाहून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. रोज लाखो लोक ज्या रस्त्यावर सिग्नलला अडकतात, तोच हा रस्ता.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने हा बंगला आणि भोवतीची सुमारे 411 एकर जमीन नव्या विद्यापीठाला दिली. 10 फेब्रुवारी 1949 रोजी विद्यापीठ स्थापन झाले. बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. राजवाडे हॉटेलांना देण्याची आजची रीत पाहिली की हा निर्णय किती मोठा होता ते कळते. पुढे याच आवारात सी-डॅक आले, 1991 साली परम 8000 हा महासंगणक तयार झाला. देवनागरी आणि उर्दू संगणकावर आणण्याचे कामही सी-डॅकने केले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सिलिकॉन व्हॅलीच्या गॅरेजच्या कथा पाठ असतात, ही मात्र सहसा कुणी सांगत नाही.

2014 साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. सावित्रीबाईंनी 1856 साली जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे: तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा.

एवढे सगळे होऊनही या इमारतीत प्रशासनच बसते, आणि सामान्य विद्यार्थ्याला आत जायचे कारण क्वचितच पडते. मालक बदलला, दार तेवढेच जड राहिले, असे माझे मत आहे. आपल्यातले अनेक जण तर विद्यापीठ म्हणजे मार्कशीट देणारे ऑफिस, एवढेच नाते ठेवतात. वसतिगृह, फी, रखडलेली शिष्यवृत्ती यांवर आपण व्हॉट्सअ‍ॅपवर तावातावाने बोलतो, पण हे प्रश्न जिथे मांडता येतात त्या अधिसभेचे नावही अनेकांना ठाऊक नसते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 नुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर 10 सदस्य निवडून देतात. त्यांपैकी 5 जागा राखीव असतात, त्यांत एक महिलांसाठी. विद्यापीठाचा अर्थसंकल्प या सभेपुढे येतो. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत आपल्या वस्त्यांमधून या विद्यापीठाची पदवी घेतलेली मुले-मुली आता कमी नाहीत. मुलींनी तर हा विषय जास्तच मनावर घ्यावा, कारण शिक्षण अर्धवट सुटण्यामागे अनेकदा वसतिगृहाची एक खाट न मिळणे हेच कारण असते.

पदवी मिळाली म्हणून नाव मतदारयादीत आपोआप चढत नाही, अर्ज भरावा लागतो. निवडणूक जाहीर झाल्यावर कागद शोधत बसलो तर मुदत निघून जाते. मोहल्ल्यातल्या पदवीधरांची यादी आणि पदवी प्रमाणपत्राच्या प्रती आत्ताच जमवायला घ्या. एका रविवारचे काम आहे.