आधी शॉकअप, मग टायर
केटीएमची आरसी ३९० तयार होते आपल्या चाकणला, पण ती जिवाची हौस फिटेस्तोवर पळवायला इथे ट्रॅक नाही. गाडी टेम्पोत चढवून कोइमतूरच्या करी स्पीडवेवर, नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला न्यायची. तिथे वळणावर आडवी झाली की आपली पोरं परत येऊन पहिला फोन करतात तो टायरवाल्याला. घोळ होतो तो इथेच. फुटलेलं फेअरिंग, वाकडं लिव्हर डोळ्यांना दिसतं. शॉकअपचा पाइप अर्धा मिलिमीटर वाकला असेल तर दिसत नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपात तो पाइप दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावायचा आणि हाताने सावकाश फिरवायचा. काटा डोलायला लागला की समजायचं. अशी अचूक मापं घेणारे हात गल्लोगल्ली सापडावेत, ही या पट्ट्याची खरी श्रीमंती (आणि चहा पाजला की काम लवकर होतं). मग टायर. ट्रॅकचा मऊ टायर तापल्याशिवाय पकड धरत नाही. डिसेंबरच्या सकाळी तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरमागे रखडताना तो तापणार कधी? शोभेसाठी जास्त रुंद टायरही नको. मागे कंपनीचंच १५०/६० माप ठेवा, अरुंद रिमवर रुंद टायर चिमटतो आणि त्याची गोलाई बिघडते. शिवाय पैसे मोजण्याआधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल कितीही सवलतीत मिळाला तरी ट्रॅकसाठी घेऊ नका.