गाडी मध्येच बंद पडते, मग चालू होते : दुखणे कोठे?



या पानावर आपण एरवी बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बोलतो. आज गाडीविषयी बोलायचे आहे. माल पिकवून भागत नाही, तो वेळेवर बाजारात पोचावा लागतो. आपल्यापैकी कित्येकांचा माल दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या जुन्या छोट्या ट्रकातून जातो, आणि तो ट्रक वाटेत रुसला की चार महिन्यांचे कष्ट रस्त्यावर सडतात.

मी काही मिस्त्री नव्हे, शेतकीचा माणूस. परंतु दुखणे ओळखण्याची रीत पिकाची काय आणि इंजिनाची काय, एकच असते. पान पिवळे पडले की काही जण लगेच युरिया टाकतात. खालची जुनी पाने पिवळी की शेंड्याची कोवळी, हे आधी पाहावे लागते. जुनी पिवळी असतील तर नत्राची कमतरता संभवते, कोवळी असतील तर लोहाची. न पाहता खत टाकले तर पैसा जातो आणि पीकही जाते. गाडीचेही तसेच आहे.

सिन्नर तालुक्यातील एका शेतकऱ्याची हकिगत सांगतो. टोमॅटोचा प्लॉट पाहायला गेलो होतो. झाडाखाली त्यांचा अठरा वर्षांचा चार सिलिंडरचा डिझेल ट्रक उभा होता. मी सहज विचारले, "काय दादा, आज तोडा नाही का?" ते म्हणाले, "तोडा आहे साहेब, पण गाडीवर भरवसा राहिला नाही."

दोन महिने ट्रक वाटेत बंद पडत होता. दम लागल्यासारखा व्हायचा, आचके द्यायचा आणि थांबायचा. दहा-पंधरा मिनिटांनी हातपंप मारून सेल्फ मारला की पुन्हा चालू. एकाने सांगितले म्हणून नवी बॅटरी घेतली. दुसऱ्याने सांगितले म्हणून पंप खोलून घेतला, नोझल तपासले. पंचवीस हजारांच्या आसपास खर्च झाला, त्यातले निम्मे उसनवारीचे. दुखणे जिथल्या तिथे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत.

आणि त्याआधीच्या आठवड्यात तर जिवावरचे बेतले होते. रात्री क्रेट भरून वाशीच्या बाजाराला निघाले. केबिनमध्ये पत्नी आणि मुलगा. कसारा घाटाच्या उतारावर डिझेल वाचवायचे म्हणून, नेहमीच्या सवयीने, गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. तेवढ्यात इंजिन बंद पडले. दोन-तीनदा ब्रेक दाबला, मग पायडल दगडासारखे झाले. कसाबसा गिअर अडकवला, हातब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घातली. सकाळचा लिलाव हुकला. पण माणसे वाचली, हे मोठे.

ते बोलत होते तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या. गाडीचा डिझेलचा हिशेब त्याच वहीत लिहितात. त्या म्हणाल्या, "साहेब, मी एक बोलू का? टाकी भरलेली असली की गाडी कधीच रुसत नाही. काटा निम्म्याच्या खाली आला की हिची थेरं सुरू होतात." दादा म्हणाले, "तिचं आपलं काहीतरीच." मी वही मागितली. बंद पडल्याच्या तारखा आणि डिझेल भरल्याच्या तारखा ताडून पाहिल्या. सहाच्या सहा वेळा टाकी निम्म्याखाली होती. पंचवीस हजारांत जे कळले नाही ते त्या वहीत लिहिलेले होते.

आता थोडे इंजिनाविषयी. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या या इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा जोराने दाबली की ती तापते आणि त्यात उडवलेले डिझेल पेट घेते. म्हणजे चालू इंजिनाला तीनच गोष्टी हव्यात : स्वच्छ हवा, पुरेसा दाब आणि सलग येणारे डिझेल. दाब काही घटकेत कमी आणि घटकेत जास्त होत नाही. म्हणून गाडी मध्येच बंद पडून पुन्हा नीट चालत असेल, तर संशय बहुधा डिझेलच्या वाटेवर घ्यावा.

गाडी बंद कशी पडली, हे पहिले विचारा. बटण दाबल्यासारखी एकदम थांबली असेल, तर डिझेल बंद करणाऱ्या व्यवस्थेकडे पाहा. काही गाड्यांत त्यासाठी ओढायची केबल असते. ती अडकून पुरती मागे जात नाही. काहींत विजेचा सोलेनॉइड असतो; त्याची वायर सैल असली की खड्ड्यात गाडी आपटताच इंजिन थांबते. किल्ली फिरवल्यावर 'टक्' असा आवाज येतो का, ते कान देऊन ऐका.

उलट गाडी आचके देत, ताकद सोडत थांबली असेल, तर डिझेल पोचत नाही किंवा त्यात हवा शिरते आहे. मग टाकीपासून सुरुवात करा आणि पंपाकडे सगळ्यात शेवटी या.

पहिले, टाकीचे झाकण. त्यात हवा आत यायला बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले की डिझेल ओढले जाते, पण त्या जागी हवा येत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडा. 'फुस्स' असा आवाज होऊन नंतर गाडी नीट चालली, तर दुखणे सापडले.

दुसरे, टाकीतील गाळ. चिंधीचा तुकडा किंवा गंजाचा पापुद्रा ओढनळीच्या तोंडावर बसतो आणि इंजिन थांबले की गळून पडतो. दहा मिनिटांनी गाडी चालू होते याचे हे एक कारण.

तिसरे, पाणी आणि फिल्टर. फिल्टरच्या किंवा पाणी वेगळे करणाऱ्या वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. पाणी जड, ते तळाशी बसते. पाणी दिसले तर टाकी रिकामी करून धुवा, फिल्टर बदला. फीडपंपाच्या तोंडाशी लहानशी जाळी असते. फिल्टर नवा घालूनही ती तशीच तुंबलेली राहते, तीही धुवा.

चौथे, हवा. टाकीपासून फीडपंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते. त्यामुळे तिथे चीर असली तरी डिझेल गळेलच असे नाही. उलट हवा आत शिरते. बाहेरून सगळे कोरडे दिसते आणि मिस्त्रीही फसतो. रबरी नळीच्या चिरा, सैल क्लिपा आणि जोडावरचे तांब्याचे वायसर पाहा. रात्रभर उभी गाडी सकाळी हातपंप मारल्याशिवाय चालू होत नसेल, तर ही खूण पक्की समजा.

सिन्नरच्या त्या ट्रकवर आम्ही तालुक्याच्या एका जाणत्या मिस्त्रीला बोलावले. ट्रक सपाट जागी उभा केला, चाकांना दगड लावले आणि टाकी निम्म्याखाली असतानाच इंजिन थोडे वाढवून चालू ठेवले. बारा मिनिटांत दम लागला. मग टाकीची नळी सोडली, स्वच्छ डिझेलचा दहा लिटरचा डबा बाजूला घट्ट बांधला, ओढीची आणि परतीची अशा दोन्ही नळ्या त्यात सोडल्या. हवा काढून इंजिन चालू केले. पाऊण तास एका सुरात चालले. याचा अर्थ पंप, नोझल, फिल्टर सगळे ठीक. खोट टाकीतच.

टाकीतील ओढनळी बाहेर काढली. गंजाने बरोबर मध्यावर टाचणीएवढे भोक पडले होते. डिझेल त्या भोकाच्या वर असेपर्यंत काही कळत नव्हते. पातळी खाली गेली की भोकातून हवा ओढली जायची, ती फिल्टरमध्ये साठायची आणि इंजिन थांबायचे. हातपंपाने हवा निघाली की पुन्हा थोडी चाल. नवी नळी काही शंभर रुपयांत बसली. वहिनी काही बोलल्या नाहीत. वही मात्र त्यांनी दादांसमोर उघडीच ठेवली होती.

आता गाडी चालूच होत नाही, त्याविषयी. सेल्फ मारल्यावर काय होते ते पाहा. नुसते 'टक्' किंवा इंजिन जड, हळू फिरते, तर दोष विजेचा. आधी बॅटरीची टर्मिनल काढून घासा. काढताना ऋण बाजू आधी काढावी, लावताना ती शेवटी लावावी. इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहा. तिच्यावर गंज चढला तर नवी बॅटरीही मरगळते. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवली असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकला हे आकडे दुप्पट धरा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर सायलेन्सरकडे पाहा. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर असेल तर डिझेल पोचते पण जळत नाही. चालत्या गाडीला काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर झटका.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नका. इंजिन थांबले की ब्रेकची मदत संपते. हवेचे ब्रेक असतील तर उरलेला दाब वारंवार पायडल मारून घालवू नका. बंद पडलेल्या गाडीचे दिवे लावा, मागे लाल त्रिकोण ठेवा, चाकांना दगड लावा आणि बायका-मुलांना रस्त्यापासून दूर बसवा. मालावर मजूर बसवू नका. नळी तोंडाने ओढू नका, जवळ विडी पेटवू नका. डिझेलची टाकी घरच्या घरी वेल्डिंग करायला जाऊ नका, आत वाफ असते. दाबाच्या नळीपुढे बोट धरू नका, बारीक धार कातडीत शिरते.

आणखी एक. वरील सर्व जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांविषयी आहे. जुन्या ट्रॅक्टरलाही ते लागू पडते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ च्या नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांत डिझेलचा दाब फार मोठा असतो आणि सारा कारभार इलेक्ट्रॉनिक. त्यांच्या नळ्या स्वतः सोडू नयेत, यंत्र लावून तपासून घ्याव्यात.

आजच गाडीत एक वही आणि पेन ठेवा. गाडी बंद पडली की तारीख, टाकीचा काटा, भरलेली की रिकामी, चढ की सपाट, इंजिन थंड की गरम, एकदम थांबली की आचके देत, आणि किती मिनिटांनी चालू झाली, एवढे लिहा. चार-पाच वेळा लिहून झाले की ते पान मिस्त्रीपुढे ठेवा, मगच त्याला पाना हातात घेऊ द्या. आणि घरातले कोणी, मग ती कारभारीण असो की शाळकरी पोर, काही पाहिलेले सांगत असेल, तर ते आधी ऐकून घ्या.

पुढच्या खेपेला पुन्हा शेताच्या बांधावर भेटू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी