जोड-उपचार म्हणजे पर्याय नव्हे

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराचा रुग्ण आपल्याकडे येतो, तो बहुधा इतर उपाय थकल्यावर. अशा काही रुग्णांत व्याधीचे मूळ तंतुकणिकांत, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियात असते. पेशींना ऊर्जा पुरविणारी ही यंत्रणाच सदोष असल्याने झटके आटोक्यात आणणे कठीण होते.

अशा वेळी शस्त्रक्रियेविना मेंदूस उद्दीपन देण्याच्या पद्धतीकडे आज आशेने पाहिले जाते. डोक्याच्या त्वचेवर विद्युद्ग्र ठेवून सुमारे १ ते २ मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह सोडतात. ऋण विद्युद्ग्राखालील भागाची उत्तेजकता त्यामुळे घटते, असे मानले जाते. पीओएलजी या जनुकाच्या दोषातून उद्भवणाऱ्या, शरीराच्या एकाच भागात अखंड चालणाऱ्या झटक्यांत हा उपाय योजिल्याची नोंद इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या चिकित्सकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. एवढ्यावरून तो सिद्ध उपचार ठरत नाही. मात्र त्यांनी त्यास जोड-उपचार म्हटले, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. तो औषधांच्या सोबतीने दिला गेला, त्यांच्या जागी नव्हे.

हीच शिस्त आपणही पाळावी, असे आमचे आग्रही मत आहे. शंखपुष्पीयुक्त एक कल्प फेनिटॉइनसोबत वारंवार दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटते, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील संशोधनात उंदरांवर आढळले. दोन रुग्णांचे आटोक्यातील झटके पुन्हा बळावले, हेच त्या संशोधनाचे निमित्त होते. ‘वनस्पतीच ती, अपाय काय होणार?’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

चिकित्सेपूर्वी साध्यासाध्य विचार करावा, ही आपलीच परंपरा. झटक्यांसोबत स्नायुदौर्बल्य, बहिरेपणा वा पापण्या गळणे दिसल्यास, अथवा मातृकुळात तशी लक्षणे असल्यास, रुग्णास मज्जाविकारतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. निदानावर औषधाची निवडही अवलंबून असते. पीओएलजी दोषात व्हॅल्प्रोएटमुळे यकृत निकामी होण्याचा धोका असल्याने ते वर्ज्य आहे.

औषधालय-चालकांनीही ध्यानी ठेवावे की, अपस्मार बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक अधिनियमाने मनाई आहे. चालू गोळ्या सोडण्याचा सल्ला विक्रीच्या फळीवरून कदापि दिला जाऊ नये. अचानक औषध तुटल्यास अखंड झटके येऊन जिवावर बेतू शकते. थकून आलेल्या कुटुंबास आपण धीर जरूर द्यावा. खोटी आशा मात्र विकू नये.