हार्वेस्टरच्या वजनाला लगाम हवाच

कंबाइन हार्वेस्टर जितका मोठा तितकी शेती प्रगत, हे युरोप-अमेरिकेत आता गृहीतच धरले जाते. न्यू हॉलंडने २०२३ मध्ये हॅनोवरच्या प्रदर्शनात मांडलेल्या सीआर ११ चे इंजिन ७७५ अश्वशक्तीचे, तर धान्याची टाकी २०,००० लिटरची आहे. समर्थक म्हणतात: चालक मिळत नाहीत; पावसाच्या उघडिपीत गहू काढायचा तर वेग हवा; मोठ्या यंत्राच्या फेऱ्या कमी होतात; आणि रुंद टायर किंवा रबरी पट्टे लावले की वजन पसरून मातीला इजा होत नाही.

चालकांची टंचाई खरी आहे, घाईही खरी. पण उघडीप थोडी असते तेव्हा रान ओलेच असते, आणि वाफसा नसलेल्या रानातच जड यंत्र सर्वाधिक घात करते. फेऱ्या कमी होण्याचा बचाव टिकत नाही. माती बहुतांशी पहिल्याच फेरीत दबते. रुंद टायर वरचा थर वाचवतात हे मान्य, पण खोलवरचा दाब मुख्यतः आसावरच्या एकूण भारावर ठरतो. थॉमस केलर आणि दानी ऑर या मृदाशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडलेला हिशोब बोलका आहे. १९५८ साली सुमारे चार टनांचा हार्वेस्टर २०२० पर्यंत भरल्या टाकीसह ३६ टनांवर गेला; पृष्ठभागावरचा दाब फारसा वाढला नाही, खालच्या थरांतला मात्र वाढत गेला. वरची ढेकळे नांगराने फुटतात. नांगर पोचत नाही तिथे दबलेली माती दशकानुदशके मोकळी होत नाही. पाणी मुरत नाही, मुळे खोल जात नाहीत.

म्हणून आमचा आग्रह असा: प्रत्येक आसावरच्या भाराला मर्यादा घालावी आणि क्षमता त्या मर्यादेतच वाढवावी. टाकी काठोकाठ भरण्याआधी रिकामी करावी. ऑस्ट्रेलियातले अनेक शेतकरी हार्वेस्टर, ट्रॅक्टर, धान्याच्या ट्रॉल्या अशी सगळी वाहने ठरलेल्या चाकोऱ्यांतूनच चालवतात, त्यामुळे उरलेले रान चाकाखाली येत नाही. ती शिस्त सर्वत्र यावी. चालकांची टंचाई भागवायला एका माणसाच्या देखरेखीत चालणाऱ्या हलक्या, स्वयंचलित यंत्रांवर संशोधनाचा पैसा लागावा. जाहिरातीत तासाला किती टन हे झळकते. त्याच्या शेजारी भरल्या टाकीचा आसावरचा भार छापण्याची सक्ती व्हावी. पुढच्या हंगामाच्या मुळांची वाट न अडवता जेवढे धान्य काढता येते, तेवढीच यंत्राची क्षमता मानली पाहिजे.